बजेटला हात कुणी वर केला ते आम्हाला कळू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. अल्पमतातलं सरकार म्हणजे राज्याचं वाटोळं, एकाच पक्षाला भरभरून जागा द्या म्हणजे बजेट बिनबोभाट पास होतं आणि कामं मार्गी लागतात, असं त्यात होतं. वाचल्यापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांब होणार आहे, कापायचं तर कापा पण आकडे तेवढे कापू नका.

मी ३१ वर्षं लेखा खात्यात नोकरी केली, मराठवाड्यातल्या तीन जिल्ह्यांत, आता रिटायर होऊन सेलूला असतो. लोक बजेट टीव्हीवर बघतात, अर्थमंत्री ब्रीफकेस घेऊन येतात, शेर म्हणतात, दुपारी स्वस्त काय आणि महाग काय ते येतं. मी बजेट बघितलं ते खालच्या टोकाकडून. लेखाशीर्ष (कोणत्या कामाचा पैसा त्याचं हिशोबातलं खातं), तरतूद, बीम्सवर (सरकारची निधीवाटपाची ऑनलाइन यंत्रणा) तरतूद दिसतीय पण निधी वितरितच झालेला नाही, गुत्तेदार रोज येऊन टेबलासमोर उभा, आणि ३१ मार्चला रात्री दोन वाजेपर्यंत बिलं. तिथं बसून एक गोष्ट समजली की मुंबईत सभागृहात एखाद्या मतदानाला काय झालं त्याचा परिणाम आमच्या टेबलावर चार-सहा महिन्यांनी येतो, आणि शेतात त्याच्याही नंतर येतो.

आधी हे सांगतो की अल्पमतातलं सरकार ही काही परवाची गोष्ट नाही. १९९१ ला नरसिंह राव पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्याकडं बहुमत नव्हतं. २४ जुलै १९९१ चं मनमोहन सिंगांचं बजेट, ज्याच्यावर आजपर्यंत पुस्तकं निघतात, ते अल्पमतातल्या सरकारचं बजेट आहे. त्यात खताचे भाव ४० टक्के वाढवायचे ठरले होते. खासदारांनी आरडाओरड केली, त्यांच्या स्वतःच्या पक्षातल्यांनी पण केली, आणि ऑगस्टमध्ये ती वाढ ३० टक्क्यांवर आली, अल्पभूधारक आणि सीमांत शेतकऱ्यांना तर त्यातून सूट द्यायचं ठरलं. माझे वडील तेव्हा कोरडवाहू सहा एकर करत होते, कापूस आणि तूर. त्यांना अल्पमत बहुमत यातलं काही माहीत नव्हतं पण खताच्या पोत्याचा भाव माहीत होता. आता मला सांगा, ३५० खासदार हाताशी असलेल्या सरकारला ही वाढ कमी करायची गरज वाटली असती का? मला तरी वाटत नाही.

पण याच सरकारची दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे, नाहीतर मी अर्धंच बोललो असं होईल. २८ जुलै १९९३ ला अविश्वास ठराव आला, सरकार २६५ विरुद्ध २५१ असं वाचलं, आणि नंतर बाहेर आलं की झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना मतासाठी पैसे दिले होते. १९९८ ला सुप्रीम कोर्टानं म्हणलं की लाच घेऊन मत देणाऱ्या खासदाराला घटनेचं संरक्षण आहे. तो निकाल बदलायला ४ मार्च २०२४ उजाडावा लागला, सात न्यायमूर्तींनी सांगितलं की लाच ती लाच, सभागृहात मत दिलं म्हणून सुटका नाही. मधे २६ वर्षं गेली. त्यामुळं त्या वाचकाला जी भीती वाटते ती खोटी आहे असं मी म्हणत नाही, भीती खरी आहे, पण दुखणं सरकारकडं किती जागा आहेत त्यात नाहीये, सौदा बंद दाराआड होतो त्यात आहे.

बजेटचं मतदान म्हणजे नेमकं काय हे बऱ्याच शिकलेल्या लोकांना पण माहीत नसतं म्हणून थोडं सांगतो. अर्थमंत्री भाषण करतात त्या दिवशी एक रुपया पण मंजूर होत नाही. नंतर खातेवार मागण्या येतात, जलसंपदाची वेगळी, कृषीची वेगळी, पाणीपुरवठ्याची वेगळी, त्याच्यावर विधानसभेत मत घ्यायचं असतं, मग विनियोजन विधेयक, ते पास झालं की तिजोरीतून पैसा काढायचा अधिकार मिळतो. घटनेचं २०३ आणि २०४ कलम हेच सांगतं. विधान परिषदेला यात मत नाही, पैशाचं विधेयक ते फार तर १४ दिवस ठेवून घेऊ शकतात. आमदाराला कपात सूचना देता येते, म्हणजे या मागणीतून एवढी रक्कम कमी करा. त्यात एक प्रकार असा की पूर्ण मागणी एक रुपयावर आणा, म्हणजे तुमचं धोरणच आम्हाला मान्य नाही. अशी एखादी सूचना मंजूर झाली तर सरकारनं सभागृहाचा विश्वास गमावला असं धरतात आणि पायउतार व्हावं लागतं. म्हणून अविश्वास ठराव न आणता पण सरकार बजेटवर पडू शकतं. अल्पमतातल्या सरकारला सगळ्यात जास्त धास्ती याच महिन्याची असते.

आणि होतं काय? मागण्या दहा-पंधरा दिवसांत उरकायच्या असतात, निम्मा वेळ गोंधळात जातो, शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात, "होय" म्हणणाऱ्यांनी होय म्हणा, "नाही" म्हणणाऱ्यांनी नाही म्हणा, होयचं बहुमत, मागणी मंजूर. हजारो कोटी असे दोन मिनिटांत मंजूर होतात. कोणता आमदार होय म्हणला, कोणता नाही म्हणला, कोण कॅन्टीनला होता, कोण गावाकडं लग्नाला गेला होता, कुठं नोंद नाही.

पुरवणी मागण्यांचं तर विचारूच नका. २०२४ च्या जून-जुलैच्या अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. २०२५ च्या जूनअखेर सुरू झालेल्या अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या आल्या, म्हणजे मूळ बजेट पास होऊन तीन महिने झाले होते फक्त. लेखा खात्यातला माणूस म्हणून सांगतो, पुरवणी मागणी ही अचानक आलेल्या खर्चासाठी असते, पूर आला, दुष्काळ पडला, कोर्टाचा निकाल आला. पण आता ते दुसरं बजेटच झालंय आणि त्याच्यावर पहिल्या बजेटच्या निम्मी सुद्धा चर्चा होत नाही. मग ते सरकार काठावरचं असो का २३० आमदारांचं असो.

आता आपल्या राज्याकडं येतो. २०१४ ला भाजपला १२२ जागा मिळाल्या, बहुमताला १४५ लागतात. निकालाच्याच दिवशी राष्ट्रवादीनं सांगून टाकलं की आम्ही बाहेरून पाठिंबा देतो, बिनशर्त. ३१ ऑक्टोबरला शपथ झाली. १२ नोव्हेंबरला विश्वास ठराव आला, त्याच दिवशी आपल्या फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे अध्यक्ष झाले, मराठवाड्याचा माणूस त्या खुर्चीवर बसला याचा आम्हाला आनंदच झाला होता. पण ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला. विरोधक म्हणाले आम्ही मतविभाजन, म्हणजे कोण कोणत्या बाजूला ते नावानिशी मोजून घ्यायचं मतदान, मागत होतो, सत्ताधारी म्हणाले वेळेत मागितलं नाही. शिवसेना त्या वेळी विरोधी बाकावर, एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते. मग नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर ५ डिसेंबरला शिवसेना सरकारमध्ये गेली. म्हणजे महाराष्ट्राला महिनाभर अल्पमतातलं सरकार होतं आणि त्या महिन्यात कुणाच्या मतावर ते उभं होतं याची एकही लेखी नोंद सभागृहाकडं नाही. मला सगळ्यात जास्त खटकला तो "बिनशर्त" हा शब्द. कामून बिनशर्त? त्या साली मराठवाड्यात दुष्काळ होता, सोयाबीन हातचं गेलं होतं, ४१ आमदारांचा पाठिंबा तुम्ही देताय तर उघड शर्त घाला की बाबा, जायकवाडीच्या डाव्या-उजव्या कालव्याच्या दुरुस्तीला एवढे पैसे या बजेटमध्ये घाला तरच हात वर करू. अशी शर्त घातली असती तर त्याला सौदेबाजी म्हणलं नसतं कुणी, निदान मी तरी म्हणलो नसतो. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचं कामच ते आहे.

याच्या उलट केंद्रात बघा. २०२४ ला भाजप २४० वर थांबला, तेलुगू देसमचे १६ आणि नितीशकुमारांचे १२ खासदार लागले. २३ जुलैला बजेट आलं त्यात आंध्रच्या अमरावतीसाठी १५,००० कोटींची सोय, बिहारच्या रस्त्यांना २६,००० कोटी. विरोधकांनी खुर्ची वाचवायचं बजेट म्हणून टीका केली. मला त्या टीकेत फार अर्थ वाटला नाही. त्यांच्या खासदारांनी आपल्या लोकांसाठी मागितलं आणि भाषणात आकड्यासकट वदवून घेतलं, सगळ्या देशासमोर. उद्या नाही दिलं तर त्यांचा शेतकरी, त्यांचा पत्रकार विचारू शकतो. आम्ही काय विचारणार, आमच्याकडं आकडाच नसतो, "पॅकेज" असतं. २०१६ ला संभाजीनगरला (तेव्हा औरंगाबाद) मंत्रिमंडळाची बैठक झाली, पॅकेज जाहीर झालं. १६ सप्टेंबर २०२३ ला परत बैठक झाली, ४५ हजार कोटींचं पॅकेज आणि सिंचनाचे १४ हजार कोटी वेगळे म्हणून सांगितलं. पॅकेज ही पत्रकार परिषद असते संपादक साहेब. पॅकेजवर विधानसभेत मत होत नाही, ट्रेझरीत पॅकेज नावाचं लेखाशीर्ष नसतं. ज्या रकमेची मागणी सभागृहात मंजूर झाली तेवढीच रक्कम खरी, बाकी सगळं बोलणं.

रेल्वेचं उदाहरण तर सगळ्यांच्या तोंडावर आहे. नगर-बीड-परळी मार्ग १९९५ ला मंजूर झाला. २६१ किलोमीटर. मंजूर झाला तेव्हा केंद्रात नरसिंह रावांचं सरकार, त्यानंतर वाजपेयी तेरा दिवस, देवेगौडा, गुजराल, परत वाजपेयी, ते सरकार १७ एप्रिल १९९९ ला २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं, परत वाजपेयी, मग मनमोहन सिंग दहा वर्षं, मग मोदी पूर्ण बहुमतानं. बीडला नगरहून रेल्वे पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. अल्पमतातल्या सरकारांनी तो रखडवला म्हणावं तर त्यांची सगळी मिळून वर्षं मोजा, आणि त्यानंतरच्या स्थिर सरकारांची वर्षं मोजा. ज्यांना स्थिर सरकार म्हणजेच विकास वाटतो त्यांनी बीडच्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारावं.

त्या १९९९ ची एक गोष्ट मात्र मला आजही चांगली वाटते. सरकार पडलं होतं, सगळे पक्ष एकमेकांच्या नरड्यावर बसलेले, तरी बजेट सगळ्यांनी मिळून पास करून दिलं आणि मगच लोकसभा विसर्जित झाली. पगार, पेन्शन, रेशन थांबू नये एवढं भान होतं. १९९१ ला ते भान राहिलं नव्हतं. चंद्रशेखर यांचं सरकार काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर, काँग्रेस पूर्ण बजेटला तयार नाही, यशवंत सिन्हांनी ४ मार्चला अंतरिम बजेटवर भागवलं, आणि ६ मार्चला पंतप्रधानांचा राजीनामा. देशाकडं परकीय चलन संपत आलेलं आणि बजेट कुणाकडंच नाही. मे महिन्यात २० टन सोनं देशाबाहेर द्यायची वेळ आली. संकट एकट्या त्या राजकारणानं आलं असं नाही, तेलाचे भाव होते, आखाती युद्ध होतं, पण पक्षाच्या डावपेचात बजेट अडकवणं त्या वेळी परवडणारं नव्हतं.

अंतरिम बजेट, लेखानुदान हे शब्द ऐकायला साधे वाटतात. खाली काय होतं ते माझ्या टेबलावरनं सांगतो. २०१९ ला लोकसभेची निवडणूक म्हणून राज्यात २७ फेब्रुवारीला अंतरिम बजेट झालं, पूर्ण बजेट १८ जूनला. चार महिने फक्त चालू खर्च, पगार-वीजबिल. नवीन काम नाही. आमच्याकडं एका कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायला बंधाऱ्याच्या दारात बसवायच्या फळ्या) सडले होते, नवीन बर्गे आणि रबर सील असं साधं काम, अंदाजपत्रक वर्षभर आधीच मंजूर. पूर्ण बजेट जूनअखेर पास, तरतूद खाली यायला ऑगस्ट उजाडला, टेंडरची फाईल एका ऑफिसात तीन आठवडे सहीसाठी पडून राहिली, आणि २१ सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. त्या साली आधी पाऊस नव्हता आणि ऑक्टोबरमध्ये धो धो पडला. नदी दोन्ही थड्या भरून वाहिली आणि बंधारा उघडा. बर्गे टाकायचे दिवस तेच असतात, पाऊस ओसरताना पाणी अडवायचं. सगळं पाणी आमच्या डोळ्यादेखत खाली गेलं. त्या बंधाऱ्यावर ज्यांच्या विहिरी आहेत ते लोक फेब्रुवारीत टँकर मागायला लागले. मी फाईल तीन वेळा हातानं घेऊन गेलो होतो, अजून पण त्या रस्त्यानं गेलो की तो बंधारा बघवत नाही.

आणि त्याच ऑक्टोबरच्या पावसानं कापूस, सोयाबीन वावरात सडलं, तेव्हा राज्यात सरकारच नव्हतं. २४ ऑक्टोबरला निकाल लागला, मुख्यमंत्री कोण यावर महिना गेला, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. खरिपाची हेक्टरी ८,००० रुपयांची मदत जाहीर केली ती राज्यपालांनी. मग २३ ला पहाटेचा शपथविधी, सुप्रीम कोर्ट, २६ ला राजीनामा, २८ ला नवीन मुख्यमंत्री. टीव्हीवर लोक हे मॅच बघितल्यासारखं बघत होते, पण आमच्याकडं पंचनाम्याचे कागद घेऊन माणसं ऑफिसच्या पायरीवर बसून होती आणि त्यांना काय सांगावं ते कुणालाच कळत नव्हतं.

आमदार पळवायची पद्धत आपल्याकडं काही मुंबईनं शिकवलेली नाही, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदाला सदस्य "सहलीला" जातात हे लहान पोराला पण माहीत आहे. विलासरावांचं सरकार २००२ ला अडचणीत आलं तेव्हा काँग्रेसच्या आमदारांना बेंगळुरूला नेऊन ठेवलं होतं, आता सुरत, गुवाहाटी, गोवा झालं. मी एका नगर परिषदेचा हिशोब बघत होतो (नाव लिहीत नाही, माणसं हयात आहेत), दोन गट जवळपास सारखे, बजेटच्या विशेष सभेला एक गट सहलीवर आणि दुसरा गट मुद्दाम बाहेर थांबलेला, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. अशी दोनदा. त्या बजेटमध्ये पाइपलाइनसाठी नगर परिषदेचा हिस्सा धरला होता, तो भरला नाही म्हणून पुढचा हप्ता थांबला, आणि त्या उन्हाळ्यात गावाला बारा दिवसांनी नळ येत होता. बायका रात्री एक वाजता घागरी लावून बसायच्या. दोन्ही गटांना विचारलं तर दोघंही म्हणायचे, स्ट्रॅटेजी होती.

हा स्ट्रॅटेजी शब्द मला फार त्रास देतो. १ मार्च २०२१ ची गोष्ट सांगतो, सभागृहातली आहे, सगळ्या पेपरात आली होती. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपलेली होती. हे मंडळ काही कुणाची मेहेरबानी नाही, घटनेच्या ३७१ (२) कलमात त्याची तरतूद आहे, निधीचं समन्यायी वाटप बघायची जबाबदारी राज्यपालांवर आहे, १९५३ च्या नागपूर करारापासून हे वचन चालत आलंय, आणि कोणत्याही अटी न घालता निजामाच्या राज्यातून आपण महाराष्ट्रात आलो त्याची ती आठवण आहे. त्या वेळी राज्यपालांकडं विधान परिषदेच्या १२ आमदारांची यादी अडकली होती. विरोधकांनी (त्या वेळी भाजप) मंडळांबद्दल विचारलं तेव्हा तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार सभागृहात म्हणाले की १२ नावं जाहीर होतील त्या दिवशी आम्ही मंडळांचं जाहीर करू. विरोधक तुटून पडले, तुम्ही मराठवाडा-विदर्भाला ओलीस ठेवताय म्हणाले. पण विरोधकांचं पण मला पटलं नाही, कारण इकडं यादी दाबून ठेवणं ही त्यांच्याच बाजूची खेळी होती. दोन्हीकडचे डाव होते आणि पटावर प्यादं आम्ही. आणि आमचे ४६ आमदार? मराठवाड्यातनं ४६ आमदार जातात, सगळ्या पक्षांचे मिळून. त्यातले कितीजण त्या दिवशी पक्ष बाजूला ठेवून उभे राहिले की आमचं मंडळ द्या नाहीतर आमच्या विभागाच्या मागण्यांवर मतविभाजन घ्या? त्या आठवड्याचे पेपर मी ठेवलेत, त्यात एकाचं पण नाव मला सापडलं नाही.

कुणी म्हणेल व्हीप असतो, म्हणजे मत कसं द्यायचं त्याचा पक्षाचा आदेश, आमदार काय करणार. खरं आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं व्हीप मोडला, गैरहजर जरी राहिला तरी आमदारकी जाऊ शकते. २०२४ ला हिमाचलमध्ये झालंच ते. काँग्रेसचे ४० आमदार, त्यातल्या सहांनी २७ फेब्रुवारीला राज्यसभेला दुसरीकडं मत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी बजेटच्या मतदानाला आलेच नाहीत. अध्यक्षांनी भाजपचे १५ आमदार निलंबित केले, बजेट आवाजी मतदानानं पास झालं आणि २९ ला त्या सहांची आमदारकी गेली. उत्तराखंडात १८ मार्च २०१६ ला तर विनियोजन विधेयकावरच झालं, काँग्रेसचे नऊ आमदार फुटले, मतविभाजन मागितलं, अध्यक्षांनी आवाजानं पास म्हणून सांगितलं, राष्ट्रपती राजवट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, शेवटी १० मेला मोजून मतं घेतली तेव्हा ३३ विरुद्ध २८ असं काँग्रेसचं हरीश रावत सरकार राहिलं. पहिल्याच दिवशी मोजली असती तर जे काय व्हायचं ते तेव्हाच झालं असतं, दोन महिने राज्य टांगणीला लागलं नसतं. दोन्ही राज्यांत वेगवेगळे पक्ष चुकले असतील, मी कुणाची वकिली करत नाही, पण दोन्हीकडं भांडण एकाच जागी सुरू झालं, बजेटला मतं मोजली नाहीत तिथं.

माझा पुतण्या कॅनडात आहे, ब्रॅम्प्टनला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा फोन आला, काका इकडं बजेटवर सरकार पडता पडता राहिलं. पंतप्रधान मार्क कार्नी यांचं सरकार तेव्हा अल्पमतात, १७ नोव्हेंबरला बजेट १७० विरुद्ध १६८ असं पास झालं. विरोधातले चार खासदार मतदानालाच उभे राहिले नाहीत, कारण बजेट पटत नव्हतं पण परत निवडणूक पण नको होती. तिथं १९७९ ला जो क्लार्क यांचं सरकार बजेटवरच १३९ विरुद्ध १३३ नं पडलंय, त्यामुळं कुणी हलक्यात घेत नाही. मला त्यातलं आवडलं ते हे की कुणी काय केलं ते नावानिशी दुसऱ्या दिवशी पुतण्याला माहीत होतं, त्याच्या भागातला खासदार कोणत्या बाजूला होता ते पण. आणि दुसरं म्हणजे २०२२ च्या मार्चमध्ये तिथल्या लिबरल आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षानं लेखी करार केला होता, बजेटला आम्ही पाठिंबा देऊ पण त्या बदल्यात ही ही कामं करा, त्यात गरिबांच्या दातांच्या उपचाराची योजना होती. करार सगळ्यांना वाचायला मिळाला. पुढं २०२४ च्या सप्टेंबरमध्ये न्यू डेमोक्रॅटिक पक्षानं तो मोडला, पण तोवर दातांची योजना सुरू झालेली होती. पाठिंब्याची किंमत अशी लेखी, लोकांसाठी आणि उजेडात मागता येते, याला काही फार मोठी अक्कल लागत नाही.

आपल्याकडं १९९५ ला अशी संधी होती. शिवसेना ७३, भाजप ६५, मिळून १३८, आणि ४५ अपक्ष निवडून आलेले. त्या अपक्षांशिवाय सरकार चालत नव्हतं. कृष्णा खोरे महामंडळ १९९६ ला झालं, आपलं गोदावरी मराठवाडा पाटबंधारे महामंडळ १९९८ ला. कृष्णेचं पाणी २००० सालापर्यंत वापरायची मुदत होती म्हणून घाई होती, हे कारण खरं आहे. पण मुदत नसली तरी आपली तहान होतीच ना. आपले अपक्ष, आपले दोन्हीकडचे आमदार एकत्र बसले असते तर दोन वर्षं मागं राहायची वेळ आली नसती असं मला वाटतं, आणि तेव्हा तर उपमुख्यमंत्री गोपीनाथराव आपल्या बीड जिल्ह्याचे होते.

आता मागणी काय ते सांगतो. कायदा बदला, घटना बदला असं मी म्हणत नाही, ते होईल तेव्हा होईल. जर्मनीत म्हणे पुढचा चान्सलर कोण ते ठरवल्याशिवाय आधीचा पाडता येत नाही, ती पद्धत मला पटते, पण तो लांबचा विषय आहे. आज, आहे त्या नियमात, मतविभाजन मागायचा अधिकार आमदाराला आहे. वेळेवर उठून मागायचं एवढंच. जलसंपदा, कृषी, पाणीपुरवठा आणि मदत-पुनर्वसन या चार खात्यांच्या मागण्यांवर मराठवाड्याच्या आमदारांनी दरवर्षी मतविभाजन मागावं. सत्तेत असलेल्यानं होय म्हणून मत द्यावं, त्यात कमीपणा नाही, व्हीप पण मोडत नाही, फक्त नाव नोंदलं जाईल. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आमच्या आठही जिल्ह्यांत माती वाहून गेली, ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यातलं कोणत्या मागणीत किती मंजूर झालं आणि मंजूर करताना आमचा आमदार जागेवर होता का, एवढंच आम्हाला बघायचंय. खरवडून गेलेल्या वावरात माती भरायला पैसे कधी येणार हे मोंढ्यात रोज लोक मला विचारतात, मी लेखा खात्यातला म्हणून, आणि माझ्याकडं सांगायला काही नसतं.

त्या वाचकाला एवढंच विचारायचं होतं, एकाच पक्षाचं नाही पण तीन पक्ष मिळून २३० आमदारांचं, तुम्हाला हवं तसं भक्कम सरकार २०२४ ला आलं, विरोधी पक्षनेता व्हायला पुरतील एवढे आमदार कुण्या एका विरोधी पक्षाकडं राहिले नाहीत. बजेट बिनबोभाट पास झालंच की. तुमच्या गावाचं कोणतं काम त्यानं लवकर झालं ते कळवा, पत्रातनं कळवलं तरी चालेल, मी वाचतो रोज.

मी मात्र एक दोनशे पानी वही आणलीय. ४६ मतदारसंघांची नावं लिहून ठेवलीत, समोर चार खात्यांचे चार रकाने. सेलूतली आणखी तीन रिटायर माणसं तयार झालीत, एकजण शिक्षक होते, एक बँकेत, एक महावितरणला. येत्या अधिवेशनात मागण्यांवर चर्चा सुरू झाली की रोज कामकाज बघून कोण बोललं, कोण हजर होतं, मतविभाजन कुणी मागितलं ते लिहायचं ठरवलंय. मतविभाजन झालंच नाही तर रकाना रिकामा राहील, तसाच ठेवू. अधिवेशन संपलं की ती यादी तुमच्याकडं पाठवतो, जागा असेल तर छापा.

आपला,
एक जुना वाचक
सेलू, जि. परभणी